मंगळवारचा आकडा

लांगमा गावाहून रोज संध्याकाळी सहा वाजता चार आकडे येत. किनाऱ्यावर नारळांखाली चार पेट्या ठेवल्या होत्या, प्रत्येकीचा एक. दिवसभरात हवेचा दाब किती थरथरला याची ती गोळाबेरीज. सविस्तर नोंद पेटीतल्या कार्डावर राही. फोनवरून एवढंच यायचं. लामिले ते आकडे वहीत उतरवून घेई. संगणकात ते आपोआप जात होतेच, पण स्वतःच्या हाताने लिहिलेले आकडे तिला जास्त नीट दिसत.

पाच आठवडे झाले होते आणि आकडे वाईट होते. चाळीस, अडतीस, त्रेचाळीस, एकेचाळीस. हा सगळा वारा होता. तिला हवा होता समुद्र.

भर समुद्रात, हजार-दोन हजार मैलांवर, समोरासमोरून आलेल्या लाटा एकमेकींना भिडल्या की हवेत एक फार खालचा आवाज उठतो. दर पाच सेकंदांना एक हेलकावा, इतका सावकाश, की माणसाच्या कानाला तो कधीच ऐकू येत नाही. तो आवाजाच्याच वेगाने जमिनीकडे येतो. लाटा मागाहून, दोन-तीन दिवसांनी. लामिले ज्या वेधशाळेत नोकरीला होती ती आत, जंगलपट्ट्यात होती. तिथे झाडी होती, वारा पडलेला असे, आणि हा आवाज उपकरणांना चांगला पकडता येई. पण तिथवर पोचेपर्यंत त्यात दुसरे दहा आवाज मिसळलेले असत. तो नेमका कुठून निघाला हे काठावरच कळेल, असं लामिलेचं म्हणणं होतं. आणि दिशा कळली, तर मोठी लाट यायच्या आधी दोन दिवस होड्यांना सांगता येईल.

म्हणणं तिचं एकटीचं होतं.

"लामिले, समुद्रकाठी बसून समुद्र ऐकणं म्हणजे मर्तिकाच्या बँडशेजारी बसून परीक्षेचा अभ्यास करणं," प्रोफेसर बोआदी म्हणाले होते. ते तिचे वरिष्ठ. माणूस चांगला, पण पेट्या चारच होत्या आणि मागणारे तिघं. तिला त्यांनी सहा आठवडे दिले होते. येत्या शुक्रवारी दुपारी बैठक होती. आकडे सुधारले नाहीत, तर पेट्या ट्रकमध्ये घालून जंगलात परत.

शनिवारी वही चाळताना तिला ते दिसलं.

पहिल्या तीन पेट्यांचे आकडे खाली उतरत होते. चाळीसच्या आसपास चालता चालता एकदम सहा. मग पुन्हा चाळीस. पुढे पुन्हा सात. तिने बोटाने दिवस मोजले. दर सातव्या दिवशी. पाचही वेळा मंगळवार. चौथी पेटी मात्र रोज सारखीच, चाळीस.

तिने वही मिटली. निसर्गात दिवस असतो, महिना असतो, भरती-ओहोटीचा पंधरवडा असतो. आठवडा नसतो. आठवडा माणसांनी केला. म्हणजे दर मंगळवारी लांगमाला कोणीतरी पेट्यांना काहीतरी करत होतं.

आणि मंगळवार म्हटल्यावर तिला दुसरा विचार सुचलाच नाही. लामिले गा जमातीची, किनाऱ्यावरच्या कोळ्यांची. वाढली समुद्रापासून लांब कुमासीत, रेल्वेच्या वसाहतीत, पण मंगळवारी समुद्रात होडी घालायची नाही हे कोणाही गा घरातल्या पोराला चालायला लागायच्या आधी कळतं. मंगळवार समुद्राचा. पेट्यांचा राखणदार होता नूमो आयिक्वेई, सत्तरीचा, जुन्या वळणाचा कोळी. समुद्राच्या दिवशी समुद्राकडे कान लावून बसलेलं यंत्र त्याला पटत नसणार. पेट्यांना हवा पोचवणाऱ्या नळ्यांची तोंडं तो बंद करत असणार. पहिल्या तीन पेट्या त्याच्या झोपडीसमोर होत्या. चौथी लांब, मासे धुरवायच्या भट्ट्यांच्या मागे. तिथवर चालत जायचा त्याला कंटाळा.

सगळं बरोबर जुळत होतं. तिने प्रोफेसरांना चार ओळी लिहिल्या. राखणदार मंगळवारी उपकरणं बंद करतो असं दिसतं, जाऊन खात्री करते, नवा राखणदार नेमावा लागेल. लिहिलं आणि पाठवून दिलं. नंतर बऱ्याच वेळा तिला वाटलं की खात्री करून मग लिहायला काय झालं होतं.

सोमवारी ती निघाली, राजधानीत मावशीकडे राहिली, आणि मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास लांगमाच्या फाट्यावर ट्रोट्रोच्या मिनीबसमधून उतरली. त्याला रंगेहाथ पकडायचं म्हणून तिने येतेय असं कळवलं नव्हतं.

वारा सुटायला लागला होता. समुद्रावर एकही होडी नव्हती. सगळ्या वाळूवर ओढून ठेवलेल्या, रंगीत, नाकं जमिनीकडे करून. नारळांखाली वीसेक माणसं बसली होती आणि ती पोचायच्या आधीच त्यांनी तिला ओळखलं.

"डॉक्टर आली, डॉक्टर!" लांते नावाचा दांडगा तांडेल ओरडला. "माझी कंबर धरलीय हो, इंजेक्शन आणलंय का?"

"तिचं औषध हवेला असतं, तुला नाही," दुसरा म्हणाला. "तू जा बायकोकडे."

"बायकोनंच धरलीय ना कंबर!"

लामिलेने हसण्यावारी नेलं नाही. ती नळ्या शोधत होती. प्रत्येक पेटीपासून सहा रबरी नळ्या चांदणीसारख्या पसरल्या होत्या. बागेला पाणी घालायच्या, अंगभर बारीक भोकं असलेल्या, आठ-आठ मीटर लांब. आता एकही दिसत नव्हती. जिथे नळ्या हव्या होत्या तिथे जाळी होती. निळी, हिरवी, तपकिरी, घडीवर घडी टाकलेली. कुठे गुडघ्याएवढा ढीग, कुठे मांडीएवढा. कडेला बसून माणसं फाटलेलं सांधत होती, लाकडी सुया वर-खाली होत होत्या.

नूमो आयिक्वेई बुंध्याला टेकून, पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून बसला होता.

"नूमो, नळ्या कुठे आहेत?"

"तू ठेवल्यास तिथेच."

"तिथे जाळी आहेत."

"जाळ्यांखाली आहेत." त्याने दाताने धागा तोडला. "बस की. उन्हाची आलीस. ए, डॉक्टरला पाणी द्या कोणीतरी."

"मी सांगितलं होतं, नळ्यांना कोणी हात लावायचा नाही, पाय द्यायचा नाही."

"कोणी दिला?" म्हातारा आता वर बघून बोलला. "विचार ह्यांना. पहिल्या दिवशी ह्या लांतेचा धाकटा भाऊ नळीवरून चालत गेला, तर मी वल्हं फेकून मारलं. त्या दिवसापासून इथे माणूस चालत नाही. शेळ्या पलीकडे बांधतो. कोंबडी आली तर मी उठून हाकलतो. ह्या सबंध किनाऱ्यावर एवढी एकच जागा आहे, जिथे कोणी पाय ठेवत नाही."

"म्हणून?"

"म्हणून जाळी इथे."

लांते मध्येच म्हणाला, "जाळं पसरायचं तर आम्हाला तशीच जागा लागते, डॉक्टर. पूर्वी भट्ट्यांकडे पसरायचो. बायका तुडवायच्या, पोरं तुडवायची, शेळ्या खायच्या. तुमच्या नळ्यांनी फार सोय झाली. देव तुमचं भलं करो."

माणसं हसली. ती थट्टा नव्हती. त्याला खरोखरच बरं वाटत होतं.

लामिले वाळूवर बसली. कोणीतरी दिलेली पाण्याची पिशवी तिने दाताने फोडली आणि सगळी पिऊन टाकली. मग विचारायचं म्हणून विचारलं, "तुम्ही नळ्यांची तोंडं बंद करत नाही? मंगळवारी?"

"कशाला?"

"मंगळवार समुद्राचा. मला वाटलं, त्या दिवशी त्याच्यावर कान ठेवलेला तुम्हाला चालत नसेल."

नूमोने सुई खाली ठेवली. त्याला हे बोलणं तपासून बघावंसं वाटलं असावं. "मंगळवारी समुद्रात जायचं नाही," तो सावकाश म्हणाला. "ऐकायचं नाही, असं तुला कोणी सांगितलं? कुमासीत सांगतात का असं? अगं, त्याच दिवशी तर ऐकायला फुरसत असते."

लामिले मनात हिशेब करत होती. तोंड बंद केलेली नळी आणि जाळ्याखालची नळी, दोन्हींत आकडा खाली येणारच. पण पहिलीत वारा जाईल तसा समुद्रही जाईल. दुसरीत कदाचित नाही. ते एका आकड्यावरून कळत नाही. कार्ड बघायला हवं.

तिने जाळ्यांच्या कडेने हात घालून तिन्ही पेट्यांतली कार्डं काढली, सावली शोधत भट्ट्यांकडे गेली आणि तिथल्या चौथीचंही कार्ड घेतलं. तिथे ओकाइले होती, नूमोची पुतणी, चाळिशीची. आज मासे नव्हते, म्हणून ती भट्ट्यांतली राख उपसत होती.

"बसा," ती म्हणाली. "पण त्या यंत्रावर राख उडाली तर मला बोलायचं नाही. मी माझ्या घरात आहे."

लामिलेने मांडीवर लॅपटॉप उघडला. आधी सोमवार काढला. पडद्यावर नुसतं गवत उगवल्यासारखं होतं, खालपासून वरपर्यंत. मग मागच्या आठवड्यातला मंगळवार काढला. गवत कापल्यासारखं खाली बसलेलं, आणि त्यातून पाच सेकंदांच्या जागी एक उंचवटा वर आलेला, गोल, स्पष्ट. दुसऱ्या पेटीतही तोच. तिसरीतही. भर दुपारी, वारा तुफान असताना. पाच आठवड्यांत पहिल्यांदा तिला समुद्र दिसत होता, आणि तो पाचही मंगळवारी तिथे होता. चौथ्या पेटीत, ह्या भट्ट्यांच्या मागे, जिथे जाळी नव्हती, तिथे नुसतं गवत.

"चेहरा का असा?" ओकाइलेने विचारलं. "कोणी गेलं का?"

"नाही. सापडलं."

"मग खा काहीतरी. सापडलेलं माणूस उपाशी बरं दिसत नाही." तिने पानात गुंडाळलेली केंकी, आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा, सोडली, वर तळलेला मासा आणि मिरचीचा ठेचा ठेवला. लामिलेने जेवता जेवता तिला सांगितलं. वारा प्रत्येक भोकाशी वेगळं बोलतो आणि समुद्र सगळ्या भोकांशी एकच बोलतो. वाऱ्याला जाळ्यात अडकवून दमवलं, की समुद्राचं बोलणं उरतं.

"म्हणजे आमची माणसं घरी बसून पण कामाची," ओकाइले म्हणाली. "मी उगाच शिव्या घालत होते."

अडचण एवढीच होती की उद्या बुधवार होता. पहाटे सगळी जाळी होड्यांत जाणार होती.

ती परत नारळांखाली गेली आणि तिने सरळ विचारलं, उद्या आणि परवा, दोन दिवस, जाळी इथेच ठेवता येतील का.

लांते उठून उभा राहिला. "ऐका! डॉक्टर म्हणते, हवेला जाळी नेसवा आणि तुम्ही हातांनी तारल्या धरा!"

"ऑगस्ट महिना आहे, पोरी," नूमो म्हणाला. "वर्षातनं दोन महिने मासा येतो. तू माझ्या मुलीसारखी असलीस तरी नाही."

"मग जुनी? टाकून दिलेली?"

"टाकून कोण देतं?" म्हातारा म्हणाला, पण तो उठला. अर्धा दिवस ती त्याच्या मागे गाव फिरली. जुनं जाळं गावभर होतं, फक्त जाळं म्हणून नव्हतं. कोणाच्या शेळ्यांच्या गोठ्याला, कोणाच्या न्हाणीला आडोसा, फुटबॉलचा गोल, चर्चच्या मागे केळीला कुंपण. नूमो दारात उभा राही, समुद्रावरची चार वाक्यं बोलून मग मुद्द्यावर येई. कोणी देई, कोणी नाही. सगळ्यात मोठं आणि बारीक विणीचं ओकाइलेच्या मिरचीच्या वाफ्याभोवती होतं.

"नाही," ओकाइले म्हणाली.

"दोनच दिवस," लामिले म्हणाली.

"समुद्राचा आवाज तुमच्या वहीत जाईल, डॉक्टर. माझी मिरची शेळीच्या पोटात जाईल."

"शेळ्या मी बांधून ठेवतो," नूमो म्हणाला.

"सगळ्या गावच्या?"

"सगळ्या गावच्या."

ओकाइलेने काकाकडे बराच वेळ बघितलं. मग खांबाची गाठ सोडायला लागली. "एक जरी रोप गेलं ना, तर त्या पेटीतच ठेचा कुटीन."

बुधवारी सकाळी, होड्या गेल्यावर, लामिलेने जुनी जाळी नळ्यांवर अंथरली. नीट, चौकोनी, कडा जुळवून, कोपऱ्यांवर दगड. संध्याकाळी सहा वाजता आकडे आले. छत्तीस, सदतीस, पस्तीस, चाळीस.

ती वाळूवर बसून आकड्यांकडे बघत राहिली. नूमो शेळ्यांचा शेवटचा दोर आवळून आला आणि अंथरलेल्या जाळ्यांकडे बघून थांबला.

"हे काय केलंस?"

"पसरली."

"ही पलंगावरची चादर आहे का? जाळं असं निजवलं तर ते कुजतं." त्याने वाकून एक कड उचलली. "त्याच्यात हवा खेळायला पाहिजे. घडी, मग पोकळ, मग घडी. आम्ही वाळवायला टाकतो ते असं टाकतो. कोण शिकवतं तुम्हाला?"

"कोणी नाही," लामिले म्हणाली. हे खरंच होतं. वेधशाळेतल्या कोणत्याच पुस्तकात ते नव्हतं.

अंधार पडायच्या आत त्याने तीन पेट्यांवरची जाळी पुन्हा टाकली. खाली झावळ्या उभ्या-आडव्या घातल्या, त्यांच्यावर जाळ्याच्या सैल घड्या, प्रत्येक घडीत वीतभर पोकळी. लामिले दुसरं टोक धरून चालत होती. तो "ढिलं सोड" म्हणाला की ढिलं सोडत होती, "ओढ" म्हणाला की ओढत होती. चौथ्या पेटीला जाळं उरलं नाही.

गुरुवारी वारा आदल्या दिवसाहून जोराचा होता. सहा वाजता फोन वाजला. बारा, अकरा, चौदा. चौथी, त्रेचाळीस.

सहा नव्हते. पण कार्ड काढून बघितलं तेव्हा उंचवटा होता, तिन्ही पेट्यांत, आणि तिन्हींत तो क्षणाच्या अंतराने येत होता. त्या अंतरावरून दिशा काढता येते. तिने काढली. नैऋत्य, खूप लांब. नूमो तिच्या खांद्यावरून बघत होता.

"हे किती वेळाने येतं?"

"पाच सेकंदांनी."

त्याने समुद्राकडे तोंड केलं आणि बोटांवर मोजलं. एक लाट, मग दुसरी. "नाही. दहा. दहापेक्षा जरा जास्तच."

"लाट दहाला. दोन लाटा समोरासमोर भिडल्या की हवेला हिसका दुप्पट वेळा बसतो."

"समोरासमोर." म्हाताऱ्याने नैऋत्येला हनुवटी केली. "म्हणजे तिकडे कुठेतरी तो स्वतःलाच भिडतोय."

"हो. तेच मोजतो आम्ही."

"मग परवा-तेरवा इकडे येईल. लांतेला सांगून ठेवतो, लहान होडी काढू नकोस म्हणून. तो ऐकणार नाही, पण सांगतो."

त्या संध्याकाळी तिने प्रोफेसरांना पुन्हा लिहिलं. ह्या वेळी दोन आलेख जोडले आणि सुरुवात अशी केली: माझं शनिवारचं पत्र चुकीचं होतं, राखणदाराने काहीही बंद केलेलं नाही, कृपया ते रद्द समजावं. पुढे जाळ्यांचं लिहिलं. ते लिहायला तिला तीन तास लागले, कारण पोकळी किती, घडी किती, वीण किती बारीक, हे सगळं ती नूमोला पुन्हा पुन्हा विचारत होती आणि तो वितीत सांगत होता. शेवटी तिने त्याची वीत पट्टीने मोजली. बावीस सेंटिमीटर.

शुक्रवारी दुपारी बैठक झाल्यावर फोन आला.

"लामिले, कोळ्यांच्या जाळ्यांत गुंडाळून तू मला काय पाठवलंयस?" प्रोफेसर बोआदी म्हणाले.

"समुद्र, सर."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "आलेख चांगले आहेत. पण बाकीचे दोघं ऐकत नाहीत. त्यांना चारही पेट्या हव्यात."

"दिशेला तीन लागतात," ती म्हणाली. "चौथी घ्या, सर. चौथीला तसंही जाळं नाही. तीन इथे राहू द्या, मोसम संपेपर्यंत."

"आणि राखणदार? नवा बघायचा म्हणाली होतीस."

"तोच, सर. पण त्याचं पद बदलायला हवं. जाळी टाकायला दुसऱ्या कोणाला येत नाही."

ते हसले की खोकले ते कळलं नाही. "सप्टेंबरअखेर," ते म्हणाले. "त्यापुढे नाही."

ओकाइलेचं जाळं परत द्यायचं होतं. तिची मिरचीची दोन रोपं गेली होती, कारण चर्चवाल्यांची शेळी सुटली होती. बदल्यात लामिलेने चौथ्या पेटीच्या सहा नळ्या तिला दिल्या. बागेला पाणी घालायच्याच तर होत्या. लांतेने लहान होडी काढलीच होती. रविवारी चर्चनंतर तो ती काठावर उलटी घालून डांबर लावताना दिसला. लाट कशी आली ते तो कोणालाच सांगत नव्हता, पण जाताना त्याने स्वतःचं एक जुनं जाळं नूमोच्या दारात टाकलं, काही न बोलता. ते ओकाइलेच्या जाळ्याच्या जागी गेलं. मंगळवारची जाळी आता चौथ्या पेटीच्या रिकाम्या जागेवर पसरायची ठरली.

लामिले वेधशाळेत परतली. आता संध्याकाळी तीनच आकडे येत. सोमवारी तेरा, दहा, बारा. मंगळवारी बारा, अकरा, अकरा. बुधवारी अकरा, तेरा, बारा. तिने तीन आठवडे ते वहीत उतरवले आणि मग दर सातव्या ओळीखाली बोट ठेवत खालपर्यंत गेली.

मंगळवार कुठले ते आता ओळखू येत नव्हते. आकड्यांतून आठवडा गेला होता.